कपाटाशेजारची पाच मिनिटं

हॅलो? …हां आई, आता बोल. आता मधली सुट्टी आहे.

रागावू नको तर काय करू? सव्वादहाला माझा बी.एड.चा शेवटचा पाठ, मार्गदर्शक बाई मागच्या बाकावर बसून मार्क देणार, नापास झाले तर पुन्हा सहा महिने… काल चारदा सांगितलं होतं ना? आणि बरोब्बर सव्वादहाला फोन?

…शुभेच्छा! अगं, सकाळी डबा भरताना द्यायच्या होत्यास.

…हो, मान्य. तुला न सांगताच निघाले. घाबरले होते गं.

हो, हो… आवाज बंद करायला विसरले, माझीच चूक. …पास का नापास ते नंतर. आधी ऐक ना!

परवा सांगितलेलं आठवतंय? ती पेन्सिल कुरतडणारी… हां, खारूताई. वर्गात तिचं घड्याळ वाजलं. आणि आमचा नियम काय? मुलांनीच केलाय तो. ज्याची वस्तू वाजेल, त्याने पाच मिनिटं कपाटाशेजारी उभं राहायचं.

…केलं ना उभं! तूच म्हणतेस, फार हसू-बोलू नकोस, डोक्यावर मिऱ्या वाटतील. नवीन घड्याळ, बंद कसं करायचं तेही तिला माहीत नव्हतं. रडली बिचारी. तेव्हापासून माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

आणि आज… फळ्यावर तीन छेद चार लिहितेय, आणि पर्समधून तुझा फोन. तू लावून दिलेली रिंग, कोंबड्याची. कोंबडा आरवला, आई! चाळीस पोरांपुढे!

…काय करणार? आधी वाटलं, हसण्यावारी न्यावं. मागे बाई काहीतरी लिहीत होत्या. तेवढ्यात खारूताई उठली. हळूच म्हणाली, “मॅडम… कपाट.”

…आगाऊ नाही गं! नियमच सांगत होती ती. आज तिला ‘खाली बस’ म्हटलं असतं ना, तर माझ्या शब्दावर तिने पुन्हा कधीच विश्वास ठेवला नसता.

गेले. खडू ठेवला टेबलावर आणि जाऊन उभी राहिले. म्हटलं, सहा महिने तर सहा महिने.

…मलाही वाटलं हसतील. कोण्णी हसलं नाही! मग कपाटाशेजारूनच विचारलं, “आता गणित कोण पुरं करणार?” तर खारूताईच गेली फळ्याकडे. मी इथून विचारतेय, ती लिहितेय… एका ठिकाणी अडली, तर तो मागचा बडबड्या, महिनाभर ज्याला मी ‘गप्प बस’ म्हणतेय, त्याने हात वर केला. बोलण्याआधी हात, आई! आपणहून!

पाच मिनिटं झाली तशी खारूताई म्हणाली, “मॅडम, या आता.” मला रडूच आलं. …नाही, दिसू दिलं नाही. …बरं, थोडं दिसलं असेल.

सांगते, सांगते. शेरा माझ्या हातातच आहे. ‘वर्गावर ताबा’ या रकान्यात लिहिलंय… “वर्गाचाच शिक्षिकेवर चांगला ताबा आहे.”

…अगं, पुढे तर ऐक! “म्हणूनच शिक्षिकेचाही वर्गावर आहे. पास.”

…पास गं! …आई? …आता तू कशाला रडतेस?

थांब हं जरा. खारूताई आलीय, इथे जिन्यापाशी. …काय गं? …हो, माझी आईच आहे. …हो, सकाळी फोन हिनेच केला होता. …अगं, पण ती घरी आहे!

आई, ती म्हणतेय, ज्यांनी वाजवला त्यांनाही नियम.

…मी काय करू? नियम मुलांचा आहे! स्वयंपाकघरात कपाट आहे ना? …गुडघे? थांब, विचारते. …ती म्हणते, टेकून उभं राहिलं तर चालेल. …उभी राहिलीस? खरंच? …शेजारच्या काकू बघतायत? बघू देत. त्यांना सांग, मुलगी मास्तरीण झाली.

…हो, घड्याळ लावलंय तिने. आता बंदही करता येतं तिला.

अगंबाई, घंटा झाली. ठेवते. …नाही, नाही, बसू नकोस! अजून तीन मिनिटं आहेत. …हो, झाली की बस.

पण आई… झाली म्हणून सांगायला फोन करू नकोस!