बोरीचा मारोती जाधव

माझ्या चारित्र्याचा दाखला कसा निघाला, ते ऐका. तलाठी म्हणून माझी निवड झाली, आन् हजर व्हायला पोलिसांचा दाखला लागत होता. ठाण्यातले हवालदार कम्प्युटरमधी बघून म्हणले, "मारोती ग्यानोबा जाधव, तुमच्यावर मारामारीचा गुन्हा हाय."

मी म्हणलो, "साहेब, मी जन्मात कुणाला चापट मारली न्हाई!"

"मग हितं लिवलेला बोरीचा मारोती ग्यानोबा जाधव कोण?"

माझं गाव दुसरंच, म्हणून मी तडक बोरी गाठली. हा मारोती पन्नाशीतला, लय दिलदार माणूस. सगळं ऐकून त्यानं फटफटी काढली आन् माझ्यासंगं ठाण्यात आला. टेबलावर हात आपटून म्हणला, "साहेब, कबड्डीच्या भांडणात डोकं माझं फुटलं, कोर्टाच्या तारखा मी केल्या, आन् गुन्हा ह्या लेकराच्या नावावर? जमायचं न्हाई!"

हवालदारांना हसू आवरंना. दोघांची आधार कार्डं ताडून बघितली, आन् दोन दिवसांत माझा दाखला निघाला.

निरोप घेताना मारोतीनं माझा खांदा दाबला. "तलाठी झालास, पण कुणाचा फुकट चहासुद्धा पिऊ नको, बाबा. नाव माझंबी हाय."