दुसऱ्या कुणी पाहिल्याशिवाय

आदरणीय अध्यक्षीणबाई, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आमचे दादा, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि आपली कामं टाकून इथे आलेले माझे सगळे सहकारी, सर्वांना माझा नमस्कार.

दादांविषयी दोन शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं. चांगलेच बोला, असं कुणी म्हणालं नाही. विश्वास असणार.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. प्रोग्रॅमिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही. मग मी इथे कशी? आमचा ‘बोलका’ संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो, हे आपण जाणताच. माझ्या आईची दृष्टी गेली तेव्हा मी तो तिच्यासाठी घेतला आणि लगेच तो बनवणाऱ्या दादांना तक्रारीचा मेल धाडला. तुमचा बोलका पूर्णविरामाला थांबतच नाही, ऐकणाऱ्यालाच धाप लागते! उत्तर काय यावं? ‘बाई, आमच्यात या.’ म्हटलं, अहो, मला कोड येत नाही. तर म्हणाले, ‘कोड लिहिणारे मिळतात हो. नीट ऐकणारं माणूस कुठून आणू?’

असेच आपण सगळे बिनपगारी गोळा झालो. पुढच्या रांगेतल्या बँकवाल्या काकांनी मदतीची पानं सोप्या भाषेत लिहिली. नर्सताई ड्यूटी संपवून नवख्यांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. तोच प्रश्न कितीदा आला तरी चिडत नाहीत. (माझं चिडणं वर्गातच संपतं, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही.) कुणी आपल्या जुनाट संगणकावर चालवून बघतं, कुणी चूक नेमकी कशी घडते ते लिहून कळवतं. आणि आई? ती दिवसभर ऐकायची आणि बोल लावायची. दादा आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून तिची बोलणी मुकाट ऐकून घ्यायचे.

दादांचा नियम एकच. बदल कुणीही केलेला असो, अगदी खुद्द त्यांनी, दुसऱ्या कुणी पाहिल्याशिवाय तो बोलक्यात घ्यायचा नाही. माझा एक साधा स्वल्पविराम असाच ताटकळत राहिला होता. मी फणकारले, तर म्हणाले, ‘बाई, तुमच्यावर विश्वास नाही असं नाही. एकट्या माणसाला स्वतःची चूक दिसत नाही.’

गेल्या महिन्यात आई सकाळच्या बातम्या ऐकत होती. वाचत होता बोलकाच. त्यानेच तिला वाचून दाखवलं, की बोलका आता एका कंपनीचा झाला, नाव आणि संकेतस्थळासकट. पुढचं काम बंद दाराआड होईल, आणि संस्थापक तिथे मोठ्या पदावर रुजू होतील. प्रत्येक पूर्णविरामाला अगदी व्यवस्थित थांबत वाचलं हो त्याने. आईने मला हाक मारली. ‘अगं, हा आज काहीतरी चुकीचं वाचतोय का?’

म्हटलं, नाही गं, बरोबरच वाचतोय.

दादा, नोकरी कुणीही करावी. पण एवढा मोठा बदल केलात, तो आमच्यापैकी एकाला तरी आधी दाखवलात? तुम्ही आम्हाला फसवलंत. हे हारतुऱ्यांच्या कार्यक्रमात बोलू नये, मला कळतं. पण मेलला तुमचं उत्तर येत नाही. आईने त्या दिवसापासून संगणकच बंद ठेवला होता.

होता म्हणते, कारण आतापर्यंतचा कोड उघडा आहे, कुणालाही वापरता येतो, आणि त्याच्या प्रती आमच्याकडे आहेत. त्यावरून आम्ही नव्या नावाने काम सुरू केलंय. परवा आई पुन्हा ऐकायला बसली. पहिल्याच वाक्याला बोलणी! मला रडू आलं.

नवख्यांसाठी सोपी कामं बाजूला काढून ठेवायची, ही तुमचीच पद्धत. त्यातलं एक तुमच्यासाठी ठेवलंय, दादा. जरूर करा. मात्र तपासायला आई बसेल.

अध्यक्षीणबाईंनी मला मध्येच खाली बसवलं नाही, आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. दादांचं मात्र मला अजून पोटात घालता आलेलं नाही.

नमस्कार.