थोरलीचं तेल

सासू : नाही भाऊजी, तेलाचं नाव काढायचं नाही. पंप गेला म्हणा, बेअरिंग गेलं म्हणा, काय वाट्टेल ते म्हणा. पण सूनबाईनं आणलेल्या तेलानं ट्रक आजारी पडला, हे तिच्या कानावर जाता कामा नये.

मिस्त्री : वहिनी, गाडी माझ्या दारात उभी करून मलाच खोटं बोलायला सांगताय?

सासू : थोडंसं.

मिस्त्री : थोडंसं खोटं म्हणजे किती? इंजिनाला दोष दिला की तुमचा मुलगा म्हणणार, इंजिन गेलं, विका. गिऱ्हाईक आज दुपारी येतंय ना बघायला?

सासू : येतंय. म्हणून तर धावत आले तुमच्याकडे.

मिस्त्री : मग? तेलाला दोष दिला तर सूनबाईचं मन दुखणार, इंजिनाला दिला तर ट्रक जाणार. तुम्हीच सांगा, कुणाला बळी देऊ?

सासू : तुम्ही एवढे मोठे मिस्त्री. तिसरं काहीतरी शोधा.

मिस्त्री : तिसरा तुमचा मुलगाच उरतो.

सासू : त्याला बोल लावू नका. तो काळजीपोटी विकायला निघालाय. कंबर गेल्यापासून ट्रकच्या पायरीवर पाय ठेवला नाही त्यानं. परवा चढावर तेलाचा लाल दिवा लागला, मागे पांढरट निळा धूर, आणि ट्रक चालवणारी सूनबाई एकटीच, कुणाचं तरी सगळं घरसामान मागे भरून रस्त्याच्या कडेला उभी. फोनवर ऐकलं आणि त्यानं लगेच गिऱ्हाईक शोधलं.

मिस्त्री : तिनं लगेच बंद केलं ना इंजिन? तिथं वाचली गाडी. दुसऱ्या कुणी तशीच रेटली असती.

सासू : ती रेटणार नाही हो. माणसागत जपते थोरलीला.

मिस्त्री : अजून थोरलीच म्हणता?

सासू : मग काय म्हणू? मी लग्न होऊन आले तेव्हा ही आधीच दारात उभी होती, कपाळाला लिंबाएवढा पिवळा ठिपका लावून. हे घरात शिरण्याआधी हिच्या टपावरून हात फिरवायचे. मी म्हटलं, आधी थोरलीचा मान, मग धाकटीचा. चिडायचे नाहीत, हसायचे. सूनबाईनं पहिल्या कमाईत स्वतःसाठी साधी ओढणी घेतली नाही, भाऊजी. थोरलीला तेल आणलं. दुकानातलं सगळ्यात भारी, चकचकीत डब्यातलं. मी गल्लीभर सांगत सुटले. आता कुठल्या तोंडानं सांगू की तेच बाधलं?

मिस्त्री : बाधलं म्हणजे, तेल वाईट नव्हतं. नव्या इंजिनाला उत्तम. नव्याच्या आत फटी कमी, सगळं घट्ट. तिथं पातळ तेल पळत जातं. थोरलीच्या आत झीज झालीय, फटी रुंद झाल्यात. तापलं की पातळ तेल तिथून निसटतं, आणि सीलमधूनही पाझरतं. मालक काय म्हणायचे आठवतं?

सासू : म्हाताऱ्या माणसाला जाड पांघरूण.

मिस्त्री : आणि लगेच पुढे, पण इतकं जाड नको की उठताच येणार नाही. मला हातोडी सरळ धरता येत नव्हती तेव्हा त्यांनी ही गाडी माझ्या हाती दिली. म्हणाले, बिघडव, मग कळेल. मी बिघडवली. ते शेजारी बसून बघत राहिले, एका शब्दानं रागावले नाहीत. तुमच्या घरचे एवढे उपकार असताना मी तुमच्या सुनेशी खोटं कसं बोलू?

सून : खोटं कशाला बोलायचं, काका?

सासू : आलीस? फिल्टर मिळाला?

सून : मिळाला. घ्या काका, हाच ना? आई, तुमचा चेहरा का असा झालाय? ट्रक गेलाच का?

मिस्त्री : गेला नाही. पण मला एक कोडं पडलंय, ते आधी सोडवा. खाली तेलाचे थेंब गळतायत. गळतंय म्हणजे आतलं कमी व्हायला हवं. बरोबर?

सून : बरोबर.

मिस्त्री : मग तेल मोजायची ही पट्टी बघा. वरची खूण इथं. आणि तेल कुठं आलंय? चांगलं बोटभर वर! गळणाऱ्या घागरीत पाणी वाढत नाही, सूनबाई. कुणी भरलं?

सून : मी.

सासू : तू?

सून : रोज संध्याकाळी. गाडीखाली थेंब दिसायचे. पट्टी काढून बघितली की तेल खालच्या खुणेशी. मग पेलाभर घालायची. त्याच भारी डब्यातलं.

मिस्त्री : गाडी उभी कुठं करता?

सून : फाटकाबाहेरच्या उतारावर. सेल्फ कधी कधी रुसतो, मग उतारावर ढकलून चालू करते.

मिस्त्री : घ्या! उतारावर तेल सगळं पुढं जाऊन बसतं. पट्टी मागच्या बाजूला. ती कमीच दाखवणार. तेल बघायचं ते सपाट जमिनीवर, आणि गाडी बंद करून जरा थांबून.

सून : हे मला कुणी सांगितलंच नाही.

मिस्त्री : आता सांगितलं. पण तरी हिशेब लागत नाही. रोज पेलाभरानं एवढं चढणार नाही, गळतही होतं. आणि हे बघा, दोन बोटांत चोळून बघा. पातळ तेलात मधेच दाट. वासही वेगळा, जुना. वहिनी, तुम्ही तिकडं काय बघताय?

सासू : काही नाही. ते टायर बघतेय.

मिस्त्री : वहिनी.

सासू : अहो, कोठीत ह्यांच्या वेळचा डबा होता. थोडं दाट तेल उरलेलं. पहाटे झाडांना पाणी घालायला उठते, तेव्हा मला ते थेंब दिसले. थेंब दिसले की पेलाभर घालायची ह्यांची सवय होती. मीही घातलं.

सून : पट्टी बघून?

सासू : पहाटे त्या खुणा मला कुठं दिसतायत, बाई? अंदाजानं.

सून : रोज?

सासू : तू उठायच्या आत.

मिस्त्री : वा! सकाळी सासूबाई, संध्याकाळी सूनबाई. दोघी एकमेकींपासून लपून थोरलीला भरवतायत. तिचं पोट फुटायचं बाकी राहिलं होतं! आतला फिरणारा दांडा तेलात बुडला, त्यानं अंडं फेटावं तसा तेलाचा फेस केला. पंपाच्या तोंडी तेलाऐवजी हवा. मग लाल दिवा नाही लागणार तर काय पणती लागणार?

सून : पण आई, तुम्ही लपवलंत का? मला हाक मारायची.

सासू : तुला काय सांगणार होते? तुझं तेल गळतंय म्हणून? किती हौसेनं आणलंस तू.

सून : अहो, मला पहिल्या चढालाच शंका आली होती. दिवा मिणमिणला तेव्हाच म्हटलं, हे तेल हिला मानवलेलं नाही.

सासू : मग बदललं का नाहीस?

सून : तुम्ही समोरच्या काकूंना सांगत होतात, आमच्या सुनेनं थोरलीला राजेशाही तेल पाजलं. मी दारात उभी राहून ऐकत होते. माझ्याबद्दल असं कुणी कधी बोललं नव्हतं, आई. ते तेल काढून टाकायला मन धजलं नाही.

सासू : वेडी आहेस.

सून : तुमच्याच हाताखाली शिकलेय.

सासू : हिनं किल्ली उचलली तेव्हा पाव्हणेरावळे काय काय बोलले, भाऊजी, तुम्हाला ठाऊक आहे. मुलगा अंथरुणावर, मी म्हातारी, दारात उभा ट्रक गंजतोय. ही म्हणाली, मला शिकवा. मला कुठं येतंय शिकवायला? ह्यांच्या शेजारी बसून जे कानावर पडलं होतं तेवढंच.

सून : तेवढं पुरलं. आता गिअर बदल, आता सोड, आता ऐक ती काय म्हणतेय. क्लचचं नाव तुम्हाला आजही घेता येत नाही, पण कधी दाबायचा ते बरोबर सांगायचात.

सासू : तुझे उपकार आहेत आमच्या घरावर. बोलायचं राहून गेलं होतं, आज बोलते.

सून : आई, काकांसमोर?

मिस्त्री : काका कानात बोळे घालतात. बाजूला व्हा, दोन्ही तेलं काढतो खाली. तळाला धातूचा चमकणारा कीस सापडला तर मात्र मी काही करू शकणार नाही. आधीच सांगून ठेवतो.

सासू : म्हणजे?

मिस्त्री : म्हणजे आतलं बेअरिंग खरंच खाल्लं गेलंय. मग येऊ दे गिऱ्हाईक.

सून : थांबा, मी बॅटरीचा उजेड धरते.

सासू : काय दिसतंय? बोला ना कुणीतरी!

मिस्त्री : मळ आहे. काळा, मऊ. सूनबाई, बोट फिरवा. काही टोचतंय?

सून : नाही. लोण्यासारखं आहे.

मिस्त्री : मग वाचली. वेळेवर बंद केलीत म्हणून वाचली. आता कुठलं घालायचं? तुम्ही सांगा, मालकीणबाई.

सून : मी? डब्यावरचे दोन आकडे मला अजून नीट कळत नाहीत.

मिस्त्री : पहिला आकडा थंडीतला. जितका लहान, तितकं थंडीत लवकर धावतं. दुसरा तापल्यावरचा. जितका मोठा, तितकं तापूनही दाट राहतं. तुम्ही आणलेलं होतं पाच-तीस.

सून : मग हिला दुसरा आकडा मोठा हवा. हे पंधरा-चाळीस?

मिस्त्री : आणि तिकडं वीस-पन्नास आहे. आणखी दाट.

सून : ते नको. सकाळी थंडीत सेल्फ आधीच रुसतो. इतकं जाड पांघरूण घेतलं तर ही उठायचीच नाही. पंधरा-चाळीस. आणि डब्यावर डिझेल इंजिनासाठी असं लिहिलंय ना, बघते. हो, लिहिलंय.

मिस्त्री : वहिनी, ऐकलंत? पांघरुणाचं तिला मी सांगितलेलं नाही हं.

सासू : मीही नाही.

सून : काय झालं? काही चुकलं का?

सासू : काही चुकलं नाही, बाळ. ओत तू. तुझ्या हातानं ओत.

(तेल भरून होतं. इंजिन दोनदा खोकतं, मग एका लयीत चालू लागतं.)

मिस्त्री : दिवा?

सून : विझला!

मिस्त्री : तापू द्या. पुन्हा बघा.

सून : नाही लागत. धूरही नाही, काका. आवाज बघा कसा भरलेला येतोय.

मिस्त्री : सील पाझरतंय ते पुढच्या आठवड्यात बदलू. आतला उरलासुरला मळ ह्या तेलात उतरेल, म्हणून हे तेल जरा लवकर काढू. आणि वहिनी, तुम्ही पेल्याला हात लावायचा नाही!

सासू : झाडांना तरी घालू का पाणी?

सून : आई, तुमचा फोन वाजतोय. ह्यांचाच असणार.

सासू : हॅलो. हो रे, गॅरेजमधेच आहोत. गिऱ्हाइकाला कळव, येऊ नको म्हणावं. नाही, इंजिनाला काही झालेलं नाही. तेलाचं होतं. ते आम्ही दोघींनी मिळून करून ठेवलं होतं, घरी आल्यावर सांगते. हसू नकोस. काळजी मला नाही का? पण ही नीट चालवते रे, तू एकदा बघ तरी. अं? थांब, देते. घे गं, तुझ्याशी बोलायचं म्हणतोय.

सून : बोला. हो, अगदी नीट चालतेय. उद्या सकाळी निघायचंय, एका मास्तरांचं घर हलवायचं आहे. काय? तुम्हीही येताय? पायरी उंच आहे, कमरेला झेपेल का? बरं. मी हात देईन. बरं तर, डबा दोघांचा घेते.