हळू आवाजाचा कारखाना

पार्से गावात काजूच्या कारखान्यात मी कामाला होते ना, तिथला दत्ताराम मुकादम साधं बोलायचाच नाही, ओरडायचा. त्याच्यामुळे आम्ही बायकाही एकमेकींशी ओरडूनच बोलायचो. घरी गेलं तरी कान भणभणत राहायचे.

अशात सावंतवाडीकडची सुशीला नवीन लागली. पहिल्याच दिवशी बी फोडताना आतला काजूगर तुटला, तसा दत्ताराम तिच्यावर कडाडला, "गर परत तुटलो? लक्ष खंय असा तुझा?"

आम्हाला वाटलं, ही आता रडत घरी जाणार. तिने मान वर केली आणि काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणतस? मोठ्यान बोल!"

ती पुन्हा तेवढंच हळू बोलली. शेवटी त्याने वाकून कान तिच्याजवळ नेला.

"तुमी आरडलास काय माझो हात थरथरता, मुकादमानू."

इतक्या जवळून माणूस ओरडणार कसा? तोही हळूच म्हणाला, "बरां. सावकाश फोड."

मग तिच्याशी तो तसाच बोलू लागला. तिचं बघून शेजारची हळू बोलू लागली, मग मी, मग सगळ्याच. भाजलेल्या काजूच्या उबदार वासात दुपार तरंगत राहायची. बाहेरचे माड सळसळतात, हे मला तिथे इतकी वर्षं काढल्यावर पहिल्यांदा कळलं. हातातलं काम आपोआप, झोपेत झाल्यासारखं व्हायचं.

एकदा शेट न कळवता आले. दारातच थबकले, आत बघितलं आणि गुपचूप चपला काढल्या. दत्तारामजवळ जाऊन खालच्या आवाजात विचारलं, "कोण गेला रे?"

दत्ताराम त्यांच्या कानाशी लागला. "कोण नाय, शेटनू. काम चाललाहा."