आयर्लंडचं खाजण

...नाही, मला एक सांगा, डोळे मिटले म्हणजे माणूस झोपला, हे कोणी ठरवलं? देवळात मिटले तर भक्ती म्हणता. गाणं ऐकताना मिटले तर रसिक म्हणता. आणि संसदेत मिटले की लगेच 'गुंडू साळवी झोपला'! तुम्हाला सांगतो, मी झोपलो नव्हतो. मंडळाच्या वहीत काय वाट्टेल ते लिहा, फोटो काढा, तो ग्रुपवर टाका, त्याखाली माझीच बायको हसून हसून रडणारे तीन चेहरे टाकू दे... मी झोपलो नव्हतो. किंचित लांब गेलो होतो, एवढंच.

संसद म्हणजे आपल्या बाहरीनच्या मराठी मंडळाची हो, मुलांची. दरवर्षी असते ना, हूऱ्यातल्या हॉलमध्ये, शुक्रवारी दुपारी. नियम एकच, बोलायचं मराठीत. कारण आपली मुलं कशी, आपण विचारायचं 'जेवलीस का गं' आणि आतून उत्तर यायचं 'इन अ मिनिट'. तर दरवर्षी विषय साधे असतात, मोबाइल हवा की नको, गृहपाठ हवा की नको. यंदा मुलांनी ठरवलं, आपण आयर्लंडची संसद करू. का, तर सावनीचा, म्हणजे माझ्या मुलीचा, शाळेत त्यावर प्रोजेक्ट होता. पोरगी नववीत. विधेयकही तिनेच लिहिलं. काय, तर तिथली दलदल वाचवायची, कार्बनवर कर लावायचा पण न्यायाने लावायचा, आणि त्या करातून गोरगरिबांना आधार द्यायचा. मी म्हटलं, अगं, नववीत आम्ही शाळेच्या मागे चिंचा पाडत होतो. तर म्हणाली, 'बाबा, दॅट्स सो सॅड.'

एकवीस खासदार लागत होते. मुलं आली चौदा, बाकीची परीक्षेच्या नावाखाली गायब. मग सात पालक पकडले, त्यात मी. आणि मला टाकलं कुठे? विरोधी पक्षात. विरोधी पक्षनेत्या कोण? आमची सुनीता. म्हणजे घरातलीच व्यवस्था, फक्त खुर्च्या मंडळाच्या. अरादच्या घरून निघालो, पूल ओलांडायच्या आत तिने मला पक्षादेश दिला. 'हे बघा, तुमचं नाव पुकारलं की नो म्हणायचं. बास. भाषण नाही, विनोद नाही, तुमच्या गावाच्या गोष्टी नाहीत.' मी म्हटलं, नो. तर म्हणाली, 'आत्ता नाही, तिथे.'

आता एक गोष्ट मला आधीच सांगायला हवी होती, ती राहिली. माझ्या शर्टाच्या खिशात एक कागद होता. आमचं गाव राजापूरच्या खाडीला. घराच्या मागे आमचं खाजण आहे. खाजण म्हणजे काय, खाडीकाठचा चिखल हो. भरतीला पाणी आत शिरतं, ओहोटीला निघून जातं, मागे कांदळाची झाडं पाय रोवून उभी. कोणी म्हणेल, त्यात आहे काय? कुर्ल्या आहेत, कालवं आहेत, बगळे आहेत आणि आमची आय आहे. आमच्याकडे आईला आय म्हणतात. वय वर्षं एकोणऐंशी, पण ओहोटी लागली की टोपली घेऊन बाई खाजणात हजर. तर माझा धाकटा भाऊ दिनू, त्याला ते भरायचंय. माती टाकायची, वर पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या. चार महिने फोन. 'दादा, त्या चिखलाचं काय लोणचं घालायचंय? एक सही कर, बाकी माझ्यावर सोड.' मी विचारलं, आयला विचारलंस का? तर म्हणाला, 'तिला काय विचारायचंय? मातीचे ट्रक आले की कळेलच.' आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, 'बघू.' आपल्यात बघू म्हणजे होच असतं. रविवारी इथल्या आपल्या वकिलातीत जाऊन सही करायची, शिक्का मारून घ्यायचा, खलास. तो संमतीचा कागद खिशात आणि मी संसदेत.

सभापती कोण, तर आपला इक्बाल. श्रीवर्धनचा माणूस, इथे स्पेअर पार्टचं दुकान, आवाज असा की माइक लाजावा. हातात हातोडा हवा म्हणून घरून मसूदा भाभींचा मटण ठेचायचा आणला होता. आणि त्याच मसूदा भाभींनी दुपारी आम्हा सगळ्यांना बिर्याणी घातली होती. म्हणजे परिस्थिती लक्षात घ्या. पोटात बिर्याणी, बाहेर सेहेचाळीस अंश, आत एसी अठरावर. मी स्वतः चिलर प्लांटवर काम करतो, थंडीवर माझं पोट चालतं, मला थंडीचं कौतुक नाही. पण ती थंडी... दुलईसारखी आली हो अंगावर.

इक्बालने हातोडा आपटला. 'यल्ला, चला, सगळे बसा. सावनी बेटा, बोल.' सावनी उभी राहिली. 'सभापती महोदय, बॉग म्हणजे... बॉग म्हणजे खूप खूप जुना चिखल. तो वर्षाला फक्त एक मिलिमीटर वाढतो. आणि तो हजारो वर्षं कार्बन धरून ठेवतो.' आमची आत्या राग धरून ठेवते तसा, मी मनात म्हटलं. 'त्याला आपण उकरलं की तो सगळा कार्बन सोडून देतो. म्हणून त्याला डिस्टर्ब नाही करायचं. त्याला ओला राहू द्यायचं.'

ओला राहू द्यायचं. काय वाक्य आहे बघा.

मग सुनीता उठली. तुम्हाला माहीत आहे ती कशी उठते, आधी पदर, मग चष्मा, मग आपण. 'सभापती महोदय, तिथली म्हातारी बाई त्याच चिखलाच्या वड्या वाळवून चुलीत घालते. तुम्ही तो चिखल काढू देणार नाही, वर रॉकेलवर कर लावणार, मग त्या बाईने थंडीत कुडकुडायचं का?' आमच्या बाजूने बाकं वाजली. चिराग, तो गालावर खळी पडते तो, सरकारी पक्षातून ओरडला, 'पण मॅडम, म्हणूनच फेअर टॅक्स आहे! ज्याच्याकडे तीन गाड्या त्याने भरायचा, आणि त्यातून आजीला हीटिंगचे पैसे द्यायचे!' सुनीता म्हणाली, 'आणि ते तिच्या हातात पडेपर्यंत हिवाळा संपेल.' बाहेर रस्त्यावर डांबर वितळतंय आणि आत अख्खा हॉल एका म्हातारीला थंडी वाजू नये म्हणून भांडतोय. मला गहिवरून आलं. मी डोळे मिटले ते गहिवरून मिटले. झोपलो नव्हतो.

फक्त... आवाज जरा मऊ झाले. एसीची घरघर होती ती लांब गेली आणि पाण्याची झाली. धुकं आलं. मी आयर्लंड पाहिलेलं नाही, पण ते आयर्लंडच होतं, कारण हिरवं होतं आणि कोणीही घामाने भिजलेलं नव्हतं. पायाखाली चिखल, थंडगार, बोटांच्या मधून वर येणारा. पुढे गेलो तर कांदळाची झाडं. म्हटलं, आयर्लंडमध्ये कांदळ कसं? पण अशा वेळी कोण कोणाला विचारतो? तिथे दोन बायका उकिडव्या बसलेल्या. एक सावनीच्या प्रोजेक्टमधली म्हातारी, डोक्याला रुमाल, आणि दुसरी आमची आय, कासोटा घातलेली, बाजूला टोपली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दोघी सुखाने बोलत होत्या. ती हिला चिखलाची वडी दाखवत होती, ही तिला कुर्ली कशी धरायची ते दाखवत होती, 'मागना धर गो, मागना, न्हायतर चावंल.' पाणी हळूहळू चढत होतं. बगळा एका पायावर उभा होता आणि त्याला कुठेही जायचं नव्हतं. तुम्हाला सांगतो, सतरा वर्षं झाली मला इथे, पण इतकं निवांत मला कधी वाटलं नाही. मग आयने मान वर केली आणि हाक मारली. 'गुंडू.' मी ऐकत राहिलो. 'गुंडू साळवी.' म्हटलं, आय आडनावाने कधीपासून हाक मारायला लागली? तिसऱ्यांदा जोरात. 'गुंडू साळवी!' आणि मी, लहानपणी द्यायचो तशीच, छाती भरून ओ दिली.

'आय!'

हॉलमध्ये टाळ्या. शिट्ट्या. इक्बालचा हातोडा. 'आय अकरा, नो दहा, विधेयक मंजूर, खलास!'

आता मला काय माहीत, मत तेवढं इंग्रजी पद्धतीने द्यायचं आणि त्यात 'होय'ला 'आय' म्हणतात म्हणून? नियमांचा कागद सावनीने दिला होता, त्यावर मी बिर्याणीची ताटली ठेवली होती. एकेकाचं नाव पुकारत गेले, दहा-दहा झाले, आणि शेवटचा उरलो मी. सुनीताने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेवर कर लावला तर एका वर्षात हीटिंगचे पैसे निघतील. पण सावनी धावत आली, गळ्यात पडली, आणि मराठीत म्हणाली, 'बाबा, तू खरंच ऐकत होतास.' मराठीत! मी तिला जवळ घेतलं, तर मधे तो खिशातला कागद करकरला. तुम्हाला खरं सांगतो, तेव्हा मला लाज वाटली.

इथवर ठीक होतं. पण आपलं मंडळ कार्यक्रम फेसबुकवर लाइव्ह दाखवतं. आणि नात बोलणार म्हणून गावात दिनूच्या फोनवर आय बघत बसली होती. पाच मिनिटांत व्हिडिओ कॉल. पडद्यावर आयचं अर्धं कपाळ आणि मागे दिनू.

'बाला, हाक मारलीस ती आयकली हो मी. येवढ्या मान्सांत हाक मारलीस. काय झाला? बरा हाय ना तुला?'

म्हटलं, बरं आहे आय.

'पोर काय सुंदर बोलली. सगळा समाजला मला. खाजान भरायचा म्हनत व्हते, आनि तू आडीवलास. टाल्या वाजल्या त्या आयकल्या. पन मी म्हनते, कोन भरीत व्हता रे आपला खाजान?'

हॉलमधली माणसं खुर्च्या उचलत होती. शेजारी सावनी उभी, सुनीता उभी. पडद्यावर दिनूचा चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा. चार महिन्यांत जे तिला कोणी विचारलं नव्हतं, ते ती आता मलाच विचारत होती. आणि मी, एक्कावन्न वर्षांचा घोडा, काय बोललो असेन?

'आयर्लंडवाले,' म्हणालो.

'मेले,' आय म्हणाली. 'त्यांना आपला देस न्हाय? आमच्या खाजनावर डोला? बरा केलास बाला. माजा पोर तेवडा जागा हाय.'

जागा! ऐकलंत ना? ती म्हणाली जागा!

रविवारी मी सही करायला गेलो नाही. शर्ट धुवायला टाकला, खिसा तपासला नाही, म्हणजे... तपासला, पण काढला नाही काही. दिनूनेही पुन्हा विषय काढला नाही, काढणार कसा? आयने अख्ख्या वाडीला सांगून ठेवलंय की आयर्लंडची माणसं खाजण भरायला टपलेली, गुंड्याने बाहरीनच्या पार्लमेंटात उभं राहून परतवली. आता दिनू नुसता खाजणाच्या बांधावर विडी ओढत उभा राहिला तरी येणारा-जाणारा विचारतो, 'काय रं, आयर्लंडचा का तू?' आणि खरा आयर्लंडवाला इथे तुमच्यासमोर बसलाय, पण ते आयला सांगणार कोण?