चिंचेच्या वळणावरची पाटी

चूक महालिंगप्पाची. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं तुमचं 'अरे पण, अरे पण' नको! गावचा पोलीस पाटील, मिशा पांढऱ्या, मान ताठ, आणि डोकं कशाला? तर फेटा बसायला जागा पाहिजे म्हणून! चाँदपाशा आणि दुकानवाला कल्याणप्पा, हे दोघं म्हातारे त्याच्या जोडीला होतेच, तेही काही कमी न्हायत, पण सुरुवात महालिंगप्पाची. आणि पाटी? पाटी मात्र झकास झाली! या एकदा बघायला.

तुम्हाला सांगतो, आमचं गाव तुळजापूरच्या घाटाखाली. सोलापूरला जाणारी सडक गावातनंच जाते. अल्याड घरं, पल्याड गोड्या पाण्याची विहीर, मधे चिंचेचं वळण. आणि माझी धाकटी बहीण शिवगंगा, तेव्हा नऊ वर्षांची, जन्मापासून बहिरी. बहिरी म्हणजे खुळी नव्हं, हे आमच्या गावच्या म्हाताऱ्यांना अजून कळलेलं न्हाय! अहो, सर्विस मोटार लांब असतानाच हिला तळपायाला कळायचं. जमीन थरथरली की घागर घेऊन ही बाजूला उभी, आणि आम्ही दोन-दोन कानांचे शहाणे अजून 'कुठं काय, कुठं काय' करतोय! मोटार निघून गेली की मला हातानं खुणावायची, मागचं चाक डुगडुगतंय म्हणून. आणि खरंच डुगडुगत असायचं!

पण आली ही जर्मनची लढाई. पेट्रोल मिळंना. मग डायवर लोकांनी काय करावं? घाट लागला की इंजिन बंद! गाडी आपली उतारानं मांजरीच्या पावलानं खाली, आणि ऐन वळणावर भोंगा... पोंऽऽ! आता तो भोंगा कुणासाठी? ज्याला ऐकू येतं त्याच्यासाठी! हिच्या पायाखाली जमीन हलंना, कानात भोंगा शिरंना... एका सकाळी लॉरी हिच्या घागरीला घासून गेली. घागर चेपली. पोरीला खरचटलंसुद्धा न्हाय, पण आमची आई, कस्तुराबाई, त्या दिवशी पीठ मळून परातीपुढं नुसती बसून राह्यली. भाकरी काही थापली न्हाय तिनं.

मी चावडीवर गेलो. म्हटलं, "आप्पा, वळणाच्या अलीकडं एक पाटी लावा. डायवर वाचतील, इंजिन चालू ठेवतील, सावकाश येतील." महालिंगप्पा मिशीवर हात फिरवून म्हणतो, "आरं ईरण्णा, त्यापरीस पोरीला घरात कोंड की!" ऐका! लॉरीला कुणी काही बोलायचं न्हाय, कोंडायचं पोरीला! मी म्हटलं, "आप्पा, उजव्या कानानं तुम्हालाही ऐकू येत न्हाय, मग तुम्हाला कुठं कोंडायचं?" कल्याणप्पाच्या तोंडातला विडा जागीच थांबला. आणि माझी खात्री आहे, त्या रागापोटीच पाटी मंजूर झाली. "लावतो पाटी! अशी लावतो की पंचक्रोशी बघंल!"

बघितली की हो पंचक्रोशीनं!

मी तुळजापूरच्या शाळेत शिकायला, उर्दू-मराठी दोन्ही सफाईनं लिहायचो, मिडलची परीक्षा महिन्या-दीड महिन्यावर. म्हणून लिहिणारा मी. फळी दिली चाँदपाशानं, जुन्या दाराची. रंग दिला कल्याणप्पानं, दुकानातला. झालं! चाँदपाशा म्हणतो, "देखो बेटा, फळी माझी, तर नाव पैलं माझं." महालिंगप्पा म्हणतो, "पाटील मी, पैलं नाव दुसऱ्याचं?" आठ दिवस हेच! शिवगंगा रोज सडक ओलांडतेय, लॉऱ्या रोज गुपचूप उतरताहेत, आणि इथं पहिलं कोण! शेवटी तोडगा निघाला. डावीकडं मराठी, त्यात महालिंगप्पा पहिला. उजवीकडं उर्दू, त्यात चाँदपाशा पहिला. दोघंही पहिले! वर आमचं 'श्री', त्याच्या शेजारी चाँदपाशाच्या बिस्मिल्लाचं सातशे शहाऐंशी. मग कल्याणप्पा. मग खिळे दिलेला, खड्डा खणलेला, दोर धरलेला... अहो, एकजण तिथं उभं राहून नुसतं "जरा डावीकडं घ्या" म्हणाला, त्याचंही नाव! अकरा नावं, दोन-दोन लिप्यांत, ठसठशीत! आणि तळाला उरल्या जागेत, तांदळाएवढ्या अक्षरांत, 'पुढं बहिरी मुलगी रस्ता ओलांडते, गाडी सावकाश हाका.' मी म्हटलं, "आप्पा, मूळ मजकूर दिसत न्हाय." तर म्हणतो, "ज्याला गरज आसंल तो वाकून वाचंल." चालत्या लॉरीतनं वाकायचं! पण पाटी मात्र झकास.

नारळ फुटला, चाँदपाशानं दुवा मागितली, आणि कल्याणप्पानं झेंडूचा हार घातला. असा भरघोस घातला, की तांदळाएवढी ओळ होती ती हाराखाली गडप!

दुसऱ्या दिवशी पहिली लॉरी आली हैदर डायवरची. मी तिथंच. लॉरी थांबली! हैदर खाली उतरला, पाटीपुढं उभा राह्यला, टोपी सारखी केली, दोन्ही हात पसरून पुटपुटायला लागला. डोळ्यांत पाणी. एवढ्यात पाटलाची स्वारी आली, आपली पाटी कुणी वाचतंय म्हणून खुशीत.

हैदर म्हणतो, "या अल्ला, एकदम अकरा जन? कब हुआ जी ये?"

"कालच!" महालिंगप्पा छाती फुगवून.

"तोबा तोबा! और ये पैला, महालिंगप्पा... कौन था बिचारा?"

"था काय? मीच की तो!"

हैदरनं एकदा पाटी बघितली, एकदा पाटील बघितला, आणि मग पाटलाचे पाय बघितले, सरळ आहेत का उलटे! आणि असा पळाला, म्हणता...

आणि गंमत काय सांगू? पाटी लागू पडली! वळणावर अकरा माणसं लॉरीखाली गेली, ही बातमी डायवरांत एका दिवसात सोलापूरपर्यंत. कुणी इंजिन बंद करंना, जो तो हळू, कुणी फूल टाकतंय, कुणी हात जोडतंय. शिवगंगा पुन्हा तळपायानं ऐकायला लागली! पंधरा दिवस, फक्त पंधरा दिवस, आमची आई निवांत जेवली. मी रात्रीचा भूगोल पाठ करत होतो.

सोळाव्या दिवशी भूमहून महालिंगप्पाची विहीण मथुराबाई आली. वेशीपासनं गळा काढलेला! "आहो पाव्हणं, आसं कसं मदीच सोडून गेलाऽऽत!" मागं तिची चार माणसं, खाली मान घालून. आणि पाटील ओसरीवर बसून भाकरी कुस्करतोय! त्याला बघून तिचा सूर निम्म्यातच बसला. मग म्हणते कशी, "जित्ता हायसा व्हय? मग आमाला भूमपास्नं उगं चालीवलं?"

संध्याकाळपर्यंत पाटी उपटली. "जित्तेपणी आमचं मर्तिक मांडलंस!" कुणी? तर म्हणे मी! मी पाया पडलो, खरंच पडलो, म्हटलं, "ऱ्हाऊ द्या, पोरीचा जीव वाचतोय." न्हाय. म्हटलं, "मग नावं पुसतो, शेवटची ओळ तेवढी मोठी करतो, परत लावा." तिघांनी एकमेकांकडं बघितलं. चाँदपाशा हळूच म्हणाला, "बेटा, नाव नक्को, तो फळी किसकी?" कल्याणप्पाला रंग आठवला. आणि पाटी गेली चावडीत, आत, पाटलाच्या बैठकीच्या वर. तिथं कोणती लॉरी येते? पण झकास दिसते हां!

डायवरांना कळलं, अकराच्या अकरा ठणठणीत. इंजिनं पुन्हा बंद. महालिंगप्पा म्हणतो, "दुसरी सोय हुईस्तवर तू ऱ्हा की हुबा. तरणाबांड हाईस."

राह्यलो. आईचं लुगडं फाटलं होतं, लाल, त्याचा तुकडा काठीला बांधला आणि वळणावर उभा राह्यलो. परीक्षेच्या दिवशी तुळजापूरला निघालो होतो, वेशीपर्यंत गेलोही, आणि वरनं लॉरी उतरताना दिसली, गुपचूप... परत फिरलो. पुढं लढाई संपली. पेट्रोल आलं. पण डायवरांची सवय काही जाईना, आणि म्हाताऱ्यांची दुसरी सोय काही होईना. शिवगंगा आता बारा वर्षांची. विहिरीवरनं येताना माझ्यापुढं थांबते, माझ्या छातीवरनं बोट फिरवते, डावीकडनं उजवीकडं मराठी, मग उजवीकडनं डावीकडं उर्दू, पाटी वाचावी तसं, आणि हसते.

तिला काही झालेलं न्हाय. माझी मिडल बुडाली, शाळेतनं नाव कटलं, आणि वय उलटलं म्हणून आता परत घेत न्हायत.