फक्त गाडी बदलली

नाही, मला एक सांगा, एका नंबरावर काट मारायची आणि शेजारी दुसरा नंबर लिहायचा, याला शाई लागते किती? थेंबभर? दोन थेंब? चला, तुमच्या समाधानासाठी दौतभर धरू! नऊशे! नऊशे घेतले हो माझ्याकडून, त्या एका काट मारण्याचे! आणि पुढचं तर अजून सांगितलंच नाही तुम्हाला. आणि मी विचारतो, बदललं काय? मी तोच, माझं घर तेच, रस्ता तोच, रस्त्यातला तो खड्डासुद्धा तोच… बदललं काय? फक्त गाडी!

तुम्हाला सांगतो, मी वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस. आयुष्य गेलं माझं काट्यांत. सोनाराचा काटा असो नाहीतर रद्दीवाल्याचा, केसभर फरक पडला की मला रात्री झोप लागत नाही. आता समजा, एखादं गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, 'जुना काटा विकला, आता हा नवा सांभाळा,' तर मी त्याला म्हणू का, 'अरेरे, मध्येच बदललात? वर्ष पुरं व्हायच्या आत? मग आता जुन्या काट्याचे अर्धे, नव्या काट्याचे अर्धे, आणि मला जो धक्का बसला त्याचे वेगळे'? दुकान बंद पाडतील हो माझं! पण विमावाल्यांनी म्हटलं की तो नियम.

बरं, मी गाडी काय हौसेनं बदलली? माझ्या आईचा गुडघा बदलला. डावा. ऑपरेशन झक्क झालं, पण आमची जुनी गाडी होती बुटकी, जमिनीला पोट लावून चालणारी. त्या गाडीत माणूस बसत नसे, पडत असे. बसताना आई पडायची, आणि उतरताना मी पुढून ओढायचो आणि बायको मागून ढकलायची आणि आई मधून ओरडायची, 'अरे, मी आई आहे रे तुझी, कपाट नाही!' एका आठवड्यात ती आत मावलीच नाही, पुढच्या आठवड्यात आत गेली तर बाहेर येईना, असे व्यायामाचे दोन वार बुडाले. मग त्या गुडघ्याच्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, आवाज एकदम थंड… 'हे बघा, येत्या सोमवारी बाराला आणलं नाहीत, तर पुढची वेळ तीन आठवड्यांनी. तोवर गुडघा आखडला, तर मला बोल लावायचा नाही.'

आखडला म्हणजे? म्हणजे जन्मभर काठी! आता ही बाई… म्हणजे माझी आई… एकोणऐंशी वर्षं कुणाचा हात न धरता चाललेली. काठी दाखवली तर ती त्या काठीनं मलाच झोडपेल.

म्हणून मी शनिवारी जुनी गाडी विकली आणि रविवारी ही घेतली. उंच. चौकोनी. दिसायला पावाच्या डब्यासारखी, पण सीट कशी, बरोब्बर कमरेला! आई मागे वळली, टेकली, पाय आत घेतले, झालं! नुसती 'हं' म्हणाली. तुम्हाला सांगतो, तीस वर्षांत तिनं माझ्या एकाही गोष्टीला 'हं' म्हटलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो.

आणि गाडी कसली म्हणाल, तर आठ वर्षांची जुनी! इंजिन लहान, किंमत आधीच्या गाडीच्या निम्मी. म्हणजे माझ्या साध्या डोक्यानं काय म्हटलं? विम्याचे सहा महिने अजून शिल्लक आहेत, गाडी स्वस्त झाली, म्हणजे विमावालेच मला काहीतरी परत देतील. हसू नका! दहा वर्षं भरतोय मी, दहा! एक दावा नाही, एक ओरखडा नाही. जुनी गाडी दिली तेव्हा त्या घेणाऱ्यानं बोट फिरवून पाहिलं, आणि बोटाला धूळसुद्धा लागली नाही.

तर सोमवार. सकाळी साडेदहा. बाराची वेळ. गाडी दारात. आई सात वाजल्यापासून तयार होऊन, पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत. आणि बायको म्हणते, 'अहो, नव्या गाडीची विम्यात नोंद केलीत का?' मी म्हटलं, 'अगं, करायची आहे, दोन मिनिटांचं काम.' ती म्हणाली, 'मग टॅक्सी बोलावू का?' तर खुर्चीतून आवाज… 'टॅक्सी कशाला? माझ्यासाठी घेतली ना ती? मग मी त्यातूनच जाणार.' झालं. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही, आणि गाडीशिवाय आई हलायची नाही. लावला फोन.

'आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे.' मग उचला ना! सतरा मिनिटं पेटी वाजत होती कानात, टुंग टुंग टुंग, टुंग टुंग टुंग… महत्त्वाच्या माणसाला कुणी असं ताटकळत ठेवतं? शेवटी एक मुलगी आली. आवाज असा, की साखर घातलेल्या चहात कुणीतरी परत साखर घातलीय. 'नमस्काऽऽर सर, मी आपली काय मदत करू शकते?' मी म्हटलं, 'बाई, गाडी बदलली आहे, नंबर बदलून घ्या.' 'नक्कीच सर! आपण पॉलिसीच्या मध्येच बदल करत आहात, त्यामुळे फक्त एक छोटंसं बदल शुल्क लागेल सर, नऊशे.' मी म्हटलं, 'नऊशे? अहो बदललं काय? फक्त गाडी!' 'बरोबर सर. गाडी बदलल्याचंच शुल्क आहे ते.'

निघायला अर्धा तास होता हातात. मी पारा आवरला. म्हटलं, घाल ते नऊशे, पुढे चल. आणि इथून पुढे जे झालं ते नीट ऐका, कारण मी नाही ऐकलं.

लाइनीत खरखर. इकडे बायको कानाशी, 'अहो, अकरा वाजून पाच.' तिकडे आई, 'झालं का रे?' आणि फोनमध्ये ती मुलगी, 'सर, गाडी बदलण्याचं कारण?' मी म्हटलं, 'आई.' 'सॉरी सर?' 'आईसाठी घेतली हो! आईसाठी!' 'अच्छाऽऽ, आईंसाठी. मग सर, आई चालवतात का?'

आता ती 'चालवतात का' म्हणाली की 'आईंना चालवतं का' म्हणाली, हे त्या खरखरीत कुणाच्या कानाला कळणार आहे? मला वाटलं, काय गुणाची पोरगी! एवढ्या धावपळीत माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी करतेय! मी विरघळलो. म्हटलं, 'चालवतं की! आता मस्त चालवतं!' 'छान सर. किती दिवसांपासून?' म्हटलं, 'झाले की तीन आठवडे. आधी घरातल्या घरात, भिंतीला धरून धरून…' ती म्हणाली, 'घरातल्या घरात, सर?' म्हटलं, 'हो ना! दोनदा कपाटावर आपटली, पण हिंमत सोडली नाही! परवा तर एकटी फाटकापर्यंत गेली. डॉक्टर म्हणाले, आता रस्त्यावर काढायला हरकत नाही.' 'डॉक्टर म्हणाले?' 'डॉक्टरच म्हणाले!' 'आणि सर… वय?' 'एकोणऐंशी! पण वाटत नाही हो!' 'लायसन्स आहे ना सर?' मला वाटलं, आता माझं विचारतेय. म्हटलं, 'म्हणजे काय! तीस वर्षं झाली!'

तुम्ही हसताय. तुम्हाला कळलं. मला नाही कळलं! मी तिथे छाती फुगवून उभा होतो!

टकटकटक टाइप केल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, 'सर, सगळं मिळून अकरा हजार चारशे.' मी म्हटलं, 'किती?' 'अकरा हजार चारशे, सर.' अहो, अख्ख्या वर्षाचे बारा भरले होते मी! अर्धं वर्ष उरलंय! गाडी निम्म्या किमतीची! तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, 'बाई, वाढले कशाचे?' 'सर, चालकाच्या जोखमीप्रमाणे येतं ते.' जोखीम! मी! मी जोखीम! दहा वर्षं कुणाला कधी कर्कश हॉर्न दिला नाही, मांजर आडवं आलं तर मांजराला आधी जाऊ देतो, लहान मुलं माझ्या गाडीला सायकलनं मागे टाकतात, आणि मी जोखीम? मी ओरडलो, 'माणूस तोच आहे हो! बदललं काय? फक्त गाडी!' ती म्हणाली, 'सर, आवाज कमी होईल का?'

अकरा वाजून वीस मिनिटं. भांडलो असतो. देवाशप्पथ, संध्याकाळपर्यंत भांडलो असतो. पण खुर्चीत ती पर्स घेऊन बसलेली, आणि एका हातानं आपला आपणच गुडघा दाबत होती, मला दिसू नये अशा बेतानं. भरले. अकरा हजार चारशे, दात ओठ खात, भरले.

पोचलो बाराला पाच कमी असताना. डॉक्टरीणबाईंनी गुडघा वाकवून पाहिला, म्हणाल्या, 'उत्तम. अजून आठवडाभर उशीर केला असतात तर अवघड होतं.' मी हुश्श म्हणून बाकावर टेकलो, तर बायको फोनवर आलेली पॉलिसी वाचत होती. वाचता वाचता ती थांबली. मग तिनं परत वाचलं. मग तोंडावर पदर धरला. मी म्हटलं, 'काय झालं?' तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं, सगळ्या पेशंटांसमोर…

'मुख्य चालक: पॉलिसीधारकाची आई. वय: एकोणऐंशी. लायसन्स: तीस वर्षे. प्रत्यक्ष अनुभव: तीन आठवडे. शेरा: दीर्घ खंडानंतर वैद्यकीय सल्ल्याने पुन्हा सुरुवात. मागील अपघात: दोन, कपाट.'

'आणि मी?' मी विचारलं. 'माझं नाव कुठाय?' ती म्हणाली, 'आहे की. खाली. "इतर" मध्ये.'

लावला परत फोन! टुंग टुंग टुंग! पुन्हा तीच साखर. म्हटलं, 'बाई, आईला चालवतं म्हणजे पायानं चालवतं! गाडी नाही! ते नाव काढा आधी!' 'नक्कीच सर! फक्त पॉलिसीच्या मध्येच बदल होतोय, त्यामुळे एक छोटंसं शुल्क…' किती, विचारायची हिंमत नव्हती, तरी विचारलं. नऊशे! 'आणि माझे जास्तीचे परत?' 'पुढच्या वर्षीच्या हप्त्यात वळते होतील सर, जर मध्ये काही बदल केला नाहीत तर.'

मुकाट्यानं भरले. नोंद व्हायला म्हणे सात दिवस. म्हणजे हे सात दिवस कागदोपत्री मी 'इतर'.

परत निघालो. आई पुढच्या सीटवर ऐटीत. सगळी हकिगत तिनं शांतपणे ऐकून घेतली. मला वाटलं हसेल, नाहीतर चिडेल. छे! तिनं पर्स मांडीवर नीट ठेवली, समोर रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाली, 'सात दिवस ना? ठीक आहे. आता दुसरा गियर टाक. आणि तो खड्डा येतोय, डावीकडून घे.'

मी दुसरा गियर टाकला. डावीकडून घेतली. आणि तुम्हाला खरं सांगतो, तेव्हा मला कळलं… एवढे पैसे गेले, एवढा आरडाओरडा झाला, पण बदललं काय? गाडीसुद्धा नाही हो! लहानपणापासून माझी गाडी आईच चालवतेय. मला फक्त पावती आत्ता मिळाली.